हळदीचा डाग

इंग्लंडमधल्या एका खेड्यात चर्च बघायला गेलो होतो. तिथे काचेच्या पेटीत चारशे वर्षांपूर्वीचं स्तोत्रांचं पुस्तक आहे. उघड्या पानावर मेणाचा डाग. "लोक ही स्तोत्रं घरीही गायचे," तिथल्या बाई म्हणाल्या. "वाचता येणारा एकजण ओळ सांगायचा, बाकीचे गायचे."

आमच्या आईलाही वाचता येत नसे. स्वयंपाक करताना ती पोथी उघडी ठेवून अभंग म्हणायची; पुढचा अभंग कुठला, ते तिला पानावरच्या हळदीच्या डागावरून कळायचं. तिला वाचता येत नाही हेसुद्धा मला बहिणीने सांगितलं, आई गेल्यावर. मी शहाण्याने ती कळकट पोथी रद्दीत घालून मोठ्या टायपाची नवी आणली होती.

"छान आहे हो," आई म्हणाली आणि पोथी देव्हाऱ्यात ठेवली. मग स्वयंपाकघरातून नुसत्या कुकरच्या शिट्ट्या.

हा मेणाचा डाग खरवडावा, असं चारशे वर्षांत इथे कुणालाच वाटलं नाही.