‘धोटा’चा आवाज आणि हॉलवाल्याचा मेन स्विच

मोबाइलवर सोलापूरच्या ‘धोटा’ बँडचं एकच गाणं ऐकलं आणि ठरवलं, हे समोर बसून ऐकायचं. मागावर इकडून तिकडे धावतो तो धोटा, त्यावरून नाव. शनिवारी सकाळी पुण्याहून एसटी पकडली. रस्ता छान आहे, टेंभुर्णीला चहा होतो. सोलापुरात रिक्षाचं भाडं आधी ठरवा. जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर दही; दुसरं काही मागवूच नका.

कार्यक्रम दुपारी होता, पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या, एका लग्नाच्या हॉलात. पहिल्या रांगेत गायिका पद्माची आई बसली होती. घरी विड्या वळते. लेकीला स्टेजवर पहिल्यांदाच ऐकणार होती.

आधी स्पीकरमधून गल्लीतल्या मागांची खडखड आली, पद्मानंच रेकॉर्ड केलेली. त्यावर इरफानचा ड्रम: सात ठोके, मग पाच, मधेच एक गिळलेला, धागा तुटून माग अडखळावा तसा. गिटारचा सूर इतका खाली उतरवलेला की खुर्ची थरथरत होती. आणि पद्मा! अर्धं तेलुगू, अर्धं मराठी, बेंबीच्या देठापासून खरवडून काढलेलं. माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्याच गाण्याला हॉलवाला धावत आला. "हे काय गाणं हाय व्हय? बाईमाणसानं असं बोंबलायचं?"

पद्माची आई उठली. "तुमाला सोसत न्हाय तर कान झाका की. पोरगी माझी हाय."

त्यानं सरळ जाऊन मेन स्विच खाली ओढला. गिटार मेली, माइक मेला.

"रुक नक्को, पद्मा!" इरफान ओरडला आणि ड्रम वाजवतच राहिला. पद्मानं माइक खाली ठेवला आणि तसंच, नुसत्या गळ्यानं, गाणं शेवटापर्यंत नेलं. मग हॉलवाल्यानं पोलिसांना फोन लावला आणि आम्हाला उन्हात बाहेर काढलं. पद्मा रडली नाही. रागारागानं वायरी ओढत राहिली, त्यांचा नुसता गुंता झाला. आईनं त्या घेऊन गुंडाळल्या.

परतीच्या एसटीत हॉलवाल्याची पोस्ट दिसली: ‘वीज गेल्याने कार्यक्रम रद्द.’ खाली मी लिहिलं, वीज गेली नव्हती, तुम्ही घालवलीत. त्यानं मला ब्लॉक केलं.

घरी पोचले तर समोरच्या मैदानात कुणा दादाच्या वाढदिवसाचा डीजे. खिडक्यांच्या काचा हादरत होत्या, आणि मेन स्विचला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मी गॅलरीत जाऊन गळा फाटेस्तोवर ओरडले. खाली कुणी मानसुद्धा वर केली नाही. हे लिहिताना घसा अजून दुखतोय.