शाहूपुरीहून परत आलेला डबा

कोल्हापूरला लोक अंबाबाईला जातात, चपला घ्यायला जातात. मी निघाले होते दारू सोडलेल्या माणसांची सभा शोधायला. नगरच्या स्टँडवर कोणी ओळखीचं भेटलंच, तर देवीला चाललेय असं सांगायचं ठरवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ नंदू पिऊन घरी आला, आई नको ते बोलली, आणि तो गेला तो गेलाच. मग गेल्या महिन्यात एक कार्ड आलं. ‘पिणं थांबलंय. आठवड्यातून दोनदा माझ्यासारख्यांबरोबर बसतो. एवढ्यात शोधू नका.’ पत्ता नव्हता. शिक्का शाहूपुरी पोस्टाचा होता. शोधू नका म्हटल्यावर गप्प बसणारी बहीण मी नाही. आईनं दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा बांधून दिला.

डबा मांडीवर घेऊन एसटीत बसले आणि लहानपणचा नंदू आठवत राहिला. शेजारणीचा डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून आई त्यात गुळाचा खडा घालायची. पोचवायचं काम नंदूचं. हा वाटेत गूळ खायचा आणि कोपऱ्यावरच्या चिंचेचा पाला भरून डबा द्यायचा. शेजारणी तक्रार घेऊन यायच्या आणि आई कपाळाला हात लावायची.

पंचगंगेचा पूल आला तेव्हा ऊन कलत होतं. गुऱ्हाळांचे दिवस होते, सगळ्या हवेला रसाचा वास. स्टँडबाहेर एका रिक्षावाल्याला विचारलं, तर तो आधी पोटभर हसला.

“आक्का, पिणारी कुठं बसत्यात इचारा, धा जागा दावतो. सोडल्याली कुठं बसत्यात, कुणाला ठावं?”

पण कोल्हापुरात ‘माहीत नाही’ म्हणून कोणी मोकळं होत नाही. त्यानं मला एका मठात नेलं. तिथं माळ घालून दारू सोडवत, सभा वगैरे काही नव्हती. मठातल्या म्हाताऱ्यानं एका दवाखान्याचं नाव सांगितलं. तिथला कंपाउंडर औषधाची बाटली तशीच ठेवून आमच्याबरोबर रिक्षात बसला आणि शाहूपुरीतल्या एका शाळेच्या मागच्या दाराशी उतरवून म्हणाला, “मंगळवार, शुक्रवार. आज मंगळवारच की!”

वर्गात लहान मुलांच्या बाकांवर आठ-दहा दांडगे पुरुष गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. नंदू त्यांत नव्हता. एक बाक रिकामा होता, त्याकडेच माझी नजर जात राहिली. ज्यांना सगळे मास्तर म्हणत होते त्या वयस्क गृहस्थांनी मला बसवलं, चहा दिला. इथं फक्त पहिलं नाव सांगायचं, असा नियम त्यांनी समजावला. तेवढ्यात शेजारचा विचारून मोकळा झालाच, “कुठल्या म्हणायच्या तुमी? माहेर कुठलं?” मास्तरांनी डोळे वटारले तसा तो गप्प झाला.

मग एक जण उठला. सदाशिव, गडमुडशिंगीचा, दूधवाला.

“पिऊन गोठ्यात गेलो की म्हस धार द्यायची न्हाय. बायकूला फशिवलं, आईला फशिवलं, म्हशीला काय फशवाय आलं न्हाय. आता सा महिनं झालं. हाक मारली की पान्हा सोडती.”

कोणी हसलं नाही. मला नंदू आठवला.

शेवटी मी पिशवीतून त्याचा फोटो काढला. मास्तरांनी तो न बघताच उलटा करून माझ्यापुढे सरकवला.

“ताई, ह्यो आम्ही बघायचा न्हाई. आज तुमास्नी सांगितलं, तर उद्या पोलिसाला सांगावं लागंल, सासऱ्याला सांगावं लागंल. मग हितं यील कोण?”

“मी बहीण आहे त्याची. तो जिवंत आहे एवढं तरी सांगा!”

मास्तर उठून बाक सरळ करायला लागले. मला रागही आला आणि रडूही. एवढ्या लांब येऊन, भिंतीशी बोलल्यासारखं. डबा बाकावर ठेवला आणि म्हटलं, “कोणीही खा. आईनं केलंय.”

“डबा सकाळी स्टँडवर पोचंल,” मास्तर म्हणाले. “गाडी कितीची?”

रात्र लॉजवर काढली. खानावळीतल्या बाईंनी तांबडा-पांढरा रस्सा आग्रहानं वाढला. चव काही कळली नाही.

सकाळी नऊच्या गाडीत बसले, तेव्हा खिडकीखाली सदाशिव सायकल घेऊन उभा. दुधाच्या कॅनांच्या मधे माझा डबा.

“कोणी खाल्लं हो?”

“ते इचारू नगा की, ताई,” म्हणाला, आणि डबा दोन्ही हातांनी वर दिला. “रिकामा न्हाई हं. गूळ हाय.”

गाडी हलली. पूल ओलांडल्यावर मी झाकण उघडलं. गुळाचा मोठा खडा होता. त्यावर मूठभर चिंचेचा पाला, अजून हिरवा. शेजारच्या बाई काय झालं विचारत होत्या. मी झाकण परत लावलं. त्याच गावात, कुठल्या तरी झाडाखाली तो पहाटे उभा राहिला होता, आणि मी तिथून लांब लांब चालले होते.

घरी पोचल्यावर डबा आईसमोर ठेवला. तिनं पाला हळूच बाजूला केला. खड्याचा एक कोपरा दातानं तोडलेला होता.

“वाटेत खाल्लाच मेल्यानं,” आई म्हणाली, आणि त्याच कडेचा तुकडा तोडून, तोंडात घालून रडायला लागली.