तीनशे ग्रॅम

ती नोटीस विशालने गंमत म्हणून टाइप केली होती. हे त्याने नंतर इतक्या लोकांना सांगितलं, की शेवटी शेवटी त्याचं त्यालाच ते खोटं वाटायला लागलं.

जयपूरला रेल्वेचा नवा झोन होऊन चार वर्षं झाली होती, आणि चारही वर्षं कचेरीमागच्या कॅन्टीनमध्ये एकच खटला चालू होता. पास सेक्शनचे बळवंत खरात आणि स्टेशनवरचे हेड टीसी मुरलीधर शेखावत रिंगमध्ये समोरासमोर आले असते, तर कोण जिंकलं असतं? दोघंही एकेकाळचे बॉक्सिंग चॅम्पियन, एकाच वजनी गटातले. बळवंत तेव्हा मध्य रेल्वेचे, मुरलीधर पश्चिम रेल्वेचे, आणि दोघांनाही नोकरी मुक्क्यांच्याच जोरावर लागलेली. पंचाहत्तर साली अजमेरला फायनलमध्ये त्यांची गाठ पडायची होती. पण त्या दिवशी सकाळच्या वजनाला बळवंत पंचाहत्तर किलोवर तीनशे ग्रॅम जास्त भरले आणि बाद झाले. मुरलीधरना सुवर्णपदक मिळालं ते न लढता.

त्या न झालेल्या लढतीवर आता अशी पोरं तावातावाने भांडत, ज्यांचा पंचाहत्तर साली जन्मही झालेला नव्हता.

"शेखावतजी का हाथ लंबा है. खरात साब पास ही नहीं आ पाते."

"लांब हात घेऊन काय भिंत रंगवायचीय?" विशाल म्हणायचा. तो मेहकरचा, कचेरीत नवा, अजून प्रोबेशनवर. बॉक्सिंग त्याने फक्त टीव्हीवर पाहिलेलं. पण अख्ख्या कॅन्टीनमध्ये आपला म्हणावा असा एकच मराठी माणूस, तेव्हा बाजू कोणाची घ्यायची हा प्रश्नच नव्हता. "काकांचा डावा हात बघितलाय का? तिसऱ्या राउंडला तुमचे शेखावतजी धापा टाकत असते."

"तीसरा राउंड?" कोणीतरी हमखास म्हणायचं. "खरात साब तो पहले राउंड से पहले ही निकल लिए थे!"

मग सगळे हसायचे. बळवंत त्यात असले तर तेही हसायचे आणि म्हणायचे, "काटा खोटा होता त्यांचा. अजमेरचा काटा, वजन घेणारा माणूसही अजमेरचा." मात्र टेबलाखाली त्यांचा उजवा पाय शिवणयंत्रावर ठेवल्यासारखा हलत राहायचा. चहा अर्धा ठेवून ते उठायचे.

तर एका मंगळवारी विशालने कचेरीच्या कागदावर, कचेरीच्याच भाषेत मजकूर ठोकला: सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, प्रलंबित लढत क्रमांक एक, खरात विरुद्ध शेखावत, येत्या शनिवारी सायंकाळी पाच वाजता रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये निकाली काढण्यात येईल. शेजारच्या टेबलावरच्या मनोहरला दाखवून हसायचं, एवढाच बेत. मनोहर बँकेत गेला होता म्हणून कागद फोल्डरमध्ये ठेवला. फोल्डर शिपायाने उचललं. साहेबांनी जेवणानंतर बत्तीस कागदांवर सह्या केल्या, त्यातला हा तेविसावा. संध्याकाळपर्यंत त्यावर जावक क्रमांक पडला आणि प्रती सगळ्या सेक्शनांना गेल्या.

रेल्वेत जावक क्रमांक पडला की कागदाला पाय फुटतात. तो रद्द करायला दुसरा कागद लागतो, आणि दुसऱ्या कागदात पहिला कोणी लिहिला हे लिहावं लागतं. विशाल घामाघूम होऊन पास सेक्शनला धावला.

"काका, चूक झाली. मी साहेबांना सांगून टाकतो. जाऊ दे नोकरी."

बळवंतनी नोटीस चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, अंगात सात वर्षांची साखर.

"आता रद्द केली तर लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, विशाल गाढव आहे."

"नाही रे. म्हणतील, खरात पुन्हा पळाला." त्यांनी कागदाची घडी करून खिशात टाकली. "रद्द नाही करायची."

दुसऱ्या दिवसापासून ते एका जागी बसेनात. पास लिहितालिहिता उठायचे, व्हरांड्याच्या टोकाला जाऊन यायचे, परत बसायचे. एकाला त्यांनी चुकून कोट्याचा पास दिला. दक्षिण भारतात निघालेला माणूस दारातून परत आला. जेवणाच्या सुट्टीत ते स्कूटर काढून स्टेशनवर जायचे आणि फलाटावरच्या वजनाच्या यंत्रावर उभे राहायचे. दिवे लुकलुकायचे, चकती फिरायची, खटकन तिकीट पडायचं. तिकिटाच्या मागे भविष्य असतं, ते बळवंत वाचत नसत. एका दुपारी त्यांनी तीनदा वजन केलं. यंत्राने तिन्ही वेळा अडुसष्टच सांगितलं, तरी त्यांचा विश्वास बसेना.

गुरुवारी बळवंतच्या बायकोने, कलावतीकाकूंनी, विशालला प्रतापनगरच्या घरी बोलावून घेतलं. चहा दिला, पण कप जरा आपटूनच ठेवला.

"तुला काय आईबाप नाहीत का रे? तुझ्या बापाला उभं कर की मुक्के खायला."

"काकू, मी त्यांना किती वेळा—"

"रात्रभर माणूस गच्चीवर फिरतोय. सकाळी विचारलं तर म्हणतो, घाम काढतोय. कशाचा घाम? भाकरी अर्धी करून टाकलीय."

मुलगी गौतमी कॉलेजच्या वह्या आवरत होती. तिचं मराठी जयपूरमध्येच वाढलेलं. "पप्पा, मतलब तुम्ही सीरियसली लढणार? डॉक्टर अलाऊ करेल का तरी?"

बळवंत खिडकीशी उभे होते. "लढायचं डॉक्टरच्या हातात आहे," ते म्हणाले. "काट्यावर उभं राहायचं माझ्या हातात आहे."

काकूंनी विशालकडे असं पाहिलं, की त्याने उरलेला चहा एका घोटात संपवला.

शनिवारी हॉल गच्च भरला. जावक क्रमांकाचा कागद असल्यामुळे खुर्च्या आल्या, माईक आला, पार्सल ऑफिसातून मोठा काटा आला आणि रेल्वे हॉस्पिटलमधून एक डॉक्टरीणबाई आल्या. मुरलीधर शेखावत टीसीच्या काळ्या कोटातच आले. मिशा पांढऱ्या, पोट मात्र अजून ऐन उमेदीत.

बाईंनी दोघांच्या दंडांना पट्टा बांधून रक्तदाब घेतला. एकशे सत्तर आणि एकशे पासष्ट. "दोनों पागल हैं क्या?" त्या माईकशेजारीच म्हणाल्या, त्यामुळे ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं. लढत रद्द. विशालने श्वास सोडला. निदान खून तरी अंगावर आला नाही.

लोक उठायला लागले तोच बळवंत बूट काढून काट्याकडे निघाले.

"वजन राहिलंय," ते म्हणाले.

"अरे खरात साब, अब किस बात का वजन?" मुरलीधर हसले.

"करू द्या."

पार्सलवाल्याने दांडीवरचं वजन सरकवलं. अडुसष्ट किलो दोनशे. टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या, मागून कोणीतरी ओरडलं, "पास!" मुरलीधरनी दोन्ही हात जोडले. "मैं नहीं चढ़ूँगा भाई, काँटा टूट जाएगा."

बळवंत काट्यावरून उतरेनात. विशाल पुढे होऊन हळूच म्हणाला, "काका, झालं. उतरा आता."

"शेखावतजी," बळवंत म्हणाले. हिंदी ते इतकी वर्षं बोलत होते, पण त्या दिवशी शब्द शोधावे लागत होते. "काँटा खोटा नहीं था."

दाराकडे निघालेले लोक जागीच वळले.

"दोन दिन पानी नहीं पिया था. वजन उतारने के लिए. सुबह नल दिखा, तो पी लिया. पेट भर के. तीनशे ग्रॅम ज़्यादा हुआ, तो उन्होंने एक घंटा दिया. बोले, दौड़ के आओ, पसीना निकालो." त्यांचा उजवा पाय काट्यावरच हलायला लागला आणि दांडी वरखाली होऊ लागली. "इतना तो मैं आधे घंटे में निकालता था. लेकिन मैं दौड़ा नहीं. बेंच पे बैठा रहा. पूरा घंटा."

विशालला वाटलं, आता कोणीतरी हसेल. कोणीच हसलं नाही. मुरलीधरांच्या चेहऱ्यावरचं हसू तेवढं पुसलं गेलं होतं. ते काट्यापाशी आले. आवाज खाली आला, पण माईक चालूच होता.

"इकतीस साल से लोग मुझे बोलते हैं, शेखावत का मेडल मुफ़्त का है. मैं कहता रहा, काँटा सच्चा था. अपनी माँ को भी यही कहा. अब तुम बताओ. क्यूँ बैठे रहे? थक गए थे, या मुझसे डर गए थे?"

विशालने बळवंतकडे पाहिलं. काकांनी 'थकलो होतो' म्हणावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. तेवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. सोमवारी कॅन्टीन त्यावर चाललं असतं.

"मालूम नहीं," बळवंत म्हणाले. "सच में मालूम नहीं. इतने साल से वही सोचता हूँ."

"तो सोच के बताओ. मेरा हक़ बनता है."

"बताता हूँ."

"पक्का? इकतीस दिसंबर को मैं रिटायर. फिर सीधा झुंझुनूं, गाँव."

"उससे पहले. पक्का."

ते काट्यावरून उतरले, बूट हातात घेतले आणि अनवाणीच स्कूटरपर्यंत गेले.

त्या नोटिशीबद्दल विशालला वरून कोणी जाब विचारला नाही. साहेबांनी स्वतःची सही पाहिली आणि प्रकरण दप्तरी दाखल करून टाकलं. कॅन्टीनमधला खटला मात्र नव्याने उभा राहिला. आता लांब हात आणि डावा हात मागे पडले. आता लोक बेंचवरच्या त्या एका तासावर भांडतात. निम्मे म्हणतात थकवा, निम्मे म्हणतात भीती. बळवंत आले की दोन्ही बाजू त्यांच्याकडे बघतात. ते चहा घेतात, अर्धा ठेवतात, उठतात.

विशाल रोज विचारतो, "काका, शेखावतजींना कळवलंत?"

"कळवतो."

"आज सव्वीस डिसेंबर आहे."

"कॅलेंडर आहे माझ्याकडे," बळवंत म्हणाले आणि पास सेक्शनकडे न जाता भलत्याच दाराने बाहेर पडले. स्टेशनच्या दिशेने तीस-चाळीस पावलं गेले, फाटकाशी थांबले, आणि परत आले.