हरण्यानं दावं तोडलंय

आमच्या झरी गावात रिक्षावर भोंगा लावून तो साड्यांचे सेल पुकारायचा. माइक हातात नसला की मात्र बारीक आवाजात जेमतेम पुटपुटायचा.

विसराळू झालेले माझे वडील, आबा, हरवले तेव्हा सारं गाव विहिरी, शेतं धुंडाळत होतं. मी त्याला आबांच्या कपड्यांचं वर्णन सांगू लागलो. त्यानं मधेच विचारलं, "त्यांच्या बैलाचं नाव काय होतं?"

मग माइकवर तीनदा फुंकर मारून तो ओरडला, "आबा, हरण्यानं दावं तोडलंय! तुरीत शिरायलाय, लवकर या!"

हरण्या मरून दहा वर्षं झाली होती. ओढ्याकडच्या कापसातून आबा तरातरा आले. "कुनी सोडला रे त्याला?"

यंदा आबा गेले. ती बातमी त्यानं पुकारली नाही. माइक रिक्षातच ठेवून, घरोघर चालत जाऊन, त्या बारीक आवाजात सांगितली.