पूर्णाकाठच्या घळीत न दिलेला कुकारा

पूर्णेच्या घळी दर पावसाळ्यात चांगली जमीन गिळतात, हे मी अकोल्याच्या सभांमधून घसा फोडून सांगत होतो. लोक टाळ्या वाजवून घरी जात. शेवटी ठरवलं, फोटोच दाखवायचे. साठ सालानंतरची गोष्ट. पौषात वकिलीतून तीन आठवडे काढले, जठारपेठेतल्या मित्राचा कॅमेरा मागून घेतला आणि अकोटच्या मोटारीत बसलो. रुपयाच्या आत पोहोचता येई.

तिकडे गेलात तर गोडं पाणी सोबत न्या. विहिरी खाऱ्या आहेत. मी महादेव माळ्याच्या मळ्यात राहिलो. भाकर, भरीत, ठेचा. जेवणाची चंगळ होती. घळींची मात्र पहिल्या दिवसापासून धास्ती बसली. तीस-चाळीस हात खोल, कोरड्या, पांढुरक्या. भिंतींतून माती सारखी झरते आणि पाठीमागून कुणी चालत येतंय असं वाटतं.

महादेव वर थांबे, मी खाली उतरे.

"वकीलसायेब, म्या वरून कुकारा देला का खालून द्या लागते. गुमान रायले तं मानूस दबला असं धरतो आमी."

"आणि विसरलो तर?"

"तुमी? तुमी तं झोपेतई भाषन देता."

सतराव्या दिवशी दुपारी ऊन घळीच्या तळाशी उतरलं. ते जेमतेम पाच मिनिटं टिकतं. कॅमेरा दगडावर टेकवला, श्वास रोखला. वरून कुकारा आला. म्हटलं, फोटो होऊ दे. दुसरा आला, तिसरा आला. मी बटण दाबलं, आणि काठ कोसळला.

धूळ बसली तेव्हा महादेव छातीपर्यंत मातीत होता. मी हातांनी उकरत होतो. जितकं उकरावं तितकी वरून माती येत होती. यमुनाबाई, त्याची बायको, फावडं घेऊन धावत आली. तो श्वास घेतो आहे हे पाहून ती माझ्याकडे वळली.

"कुकारा काहून नाई देला तुमी?"

मी पुन्हा उकरायला लागलो.

महादेव वाचला. पाय मोडला होता. बैलगाडीने त्याला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. वाटेत तो कण्हायचा थांबला की मी त्याला हाक मारी.

घरी आल्यावर रोल धुऊन आला. तो फोटो उत्तम निघाला आहे. वरच्या कोपऱ्यात, काठावर, एक माणूस वाकलेला दिसतो. तोंडाशी हात धरलेला.

सभेत फोटो फिरतो तेव्हा लोक तळाशी पडलेलं ऊन बघतात. मी त्या कोपऱ्यावर बोट ठेवतो आणि तेव्हा मी गप्प का होतो, हे आधी सांगतो. जमिनीचं नंतर.