दिगंबर मोहोडची पाटी

आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीचे चेअरमन पानसे यांना जगातलं सगळं कळतं, असं त्यांचं मत आहे. २०१४ साली त्यांनी जिन्यातल्या नि हॉलमधल्या बावीस ट्यूब काढून एलईडी ट्यूब लावायचं ठरवलं. ट्यूब बसवायच्या पट्ट्या मात्र जुन्याच. काम दिगंबर मोहोडकडे. मूळचा अकोल्याचा, पंधरा वर्षं आमच्या भागातला वायरमन. शब्दाला पक्का, आणि रागालाही.

"साहेब, पट्टीतला चोक काढा लागते, वायर थेट ट्यूबले द्या लागते. नाही तं जळतात," तो म्हणाला.

"तू वायरमन आहेस की इंजिनिअर? नुसत्या ट्यूब बदल. संध्याकाळपर्यंत झालं पाहिजे."

मी, मंदाकिनी दातार, निवृत्त शिक्षिका, तेव्हा जिन्यातच होते. सगळं ऐकलं आणि भाजीची पिशवी घेऊन गुपचूप वर गेले. कशाला नसती कटकट!

पंधरा दिवसांत ट्यूब लुकलुकून एकेक गेल्या. पानशांनी काय करावं? खालच्या फळ्यावर वळणदार अक्षरात पाटी लावली: 'वायरमन दिगंबर मोहोड यांच्या निष्काळजीपणामुळे बावीस ट्यूब जळाल्या. सुज्ञांनी बोध घ्यावा.' पुण्यात पाटी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. शेजारच्या सोसायट्यांनी त्याला बोलावणं थांबवलं. त्यातच त्याच्या मुलीला, नम्रताला, स्थळ आलेलं. मुलाचे वडील चौकशीला आमच्या सोसायटीत आले, फळ्यासमोर थांबले आणि कुणाला काही न विचारता परत गेले. सोयरीक मोडली.

"बाई, माह्या नावाले काळं फासलं यानं. मी सोडणार नाही," दिगंबर मला म्हणाला. मी लाजेनं पुन्हा पिशवी उचलली आणि वर गेले.

पुढे पानशांची एकसष्टी ठरली आणि हॉल अंधारात. तीन वायरमन आले. पट्टी उघडली, आतला चोक पाहिला आणि म्हणाले, "दिगंबरभाऊंनी सांगितलं होतं ना? मग त्यांनाच बोलवा." झक मारत पानसे त्याच्या घरी गेले, माफी मागायला.

"माफी घरात नको. फळ्यावर लिहा," दिगंबर म्हणाला.

मजकूर मी सांगितला. तीस वर्षं पोरांना शुद्धलेखन घातलंय, सोडते काय! 'ट्यूब माझ्या हट्टामुळे जळाल्या. मोहोड यांनी चोक काढण्यास आधीच सांगितले होते. मी त्यांची खोटी बदनामी केली. – गो. वि. पानसे.' खाली साक्षीदार म्हणून माझी सही. ती आधीच करायला हवी होती.

दिगंबरने बावीसही चोक काढून नव्या ट्यूब लावल्या, हॉल लखलखला. मग ही माफीची पाटी फळ्यावरून काढून त्याने हॉलच्या दारात लावली, बरोबर ट्यूबखाली. पाहुणे हातात हार घेऊन आधी ती वाचत होते. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

पानसे रेशमी झब्ब्यात धावत आले. "अरे दिगंबर... अहो, निदान कार्यक्रमापुरती तरी काढा."

दिगंबर शिडीवरून सावकाश उतरला.

"माही पोरगी उंबऱ्यात बसून रडत होती, तवाबी तुमची पाटी दीड महिना लटकून होती, साहेब. हे बी दीड महिना राहील. मी रोज येऊन पाहून जाईन."