यसोदाआत्याचा अंबाडा

"अंबाडा सोड," मुनीम म्हणाला.

कापसाच्या जिनिंगमधला माझा पहिला दिवस. दिवसभर कापसातला कचरा वेचला होता. सुटी झाली तेव्हा दाराशी सगळ्यांसमोर केस सोडले, पदर झटकून दाखवला. कापूस चोरला नाही हे अंगावरून दाखवायचं, मग घरी जायचं. रोज.

पुढं मुनिमाला कळलं की मी चौथी शिकलेली आहे. त्यानं मलाच बायांच्या झडतीवर ठेवलं. कापसाच्या धुळीतून सुटले. खूश झाले. हेही लिहिते, आता लपवायचं नाही.

चैत होता. वडनेरच्या रस्त्याला आमचं जिनिंग, मागं वाळल्या गवताचं कुरण. भर दुपारी कुरण पेटलं. वारा आमच्याकडंच. यंत्रं बंद झाली, भोंगा वाजला. बाया छोट्या दाराशी धावल्या. एका वेळी एकीनंच वाकून निघावं, असं ते दार. मोठं फाटकही उघडलं. पण ते कापसाच्या गाठी भरलेल्या बैलबंड्यांसाठी. तिथं दोन चौकीदार, बायांपुढं काठ्या आडव्या धरून.

"पहले झडती!" मुनीम ओरडला. "धुराच्या आडून माल सरकते."

मी घेतली झडती. एक, दोन, आठ. कापूस एकीजवळही निघाला नाही. आणि तिकडं बंड्या बिनझडतीच्या चालल्या होत्या.

नववी यसोदाआत्या. नात्यातली नव्हे, पण मला जिनिंगमध्ये कामाला तिनंच लावलं होतं.

"काऊन वं, माह्या चार केसांत गाठ लपते का?" खोकत खोकत हसली. "जाऊ दे माय, धूर नाकात जाऊन राह्यला."

मुनीम माझ्या मागंच उभा. मी म्हटलं, "आत्या, अंबाडा सोड."

तिनं सोडला. कुंपणावरून जळतं गवत उडून आलं ते तिच्या मोकळ्या केसांवर. केसांत सकाळपासूनचे कापसाचे तंतू. भपकन पेटले. मी पदर टाकून विझवलं, तोवर कान आणि मान भाजली होती.

"पुढची," मुनीम म्हणाला.

आत्या खाली बसलेली, अन् हा म्हणतो पुढची.

"नाई घेत मी!" मी ओरडले. "फाटकाकडं चला वं सगळ्या!"

आत्याला दोघींनी उचललं. बंडीला लागून आम्ही सगळ्या फाटकात घुसलो. चौकीदारांनी काठ्या खाली घेतल्या, आम्ही बाहेर.

आग कुंपणाच्या भिंतीशी अडली. चार दिवसांनी काम सुरू झालं. संध्याकाळी मी रांगेत, दाराशी झडतीला दुसरीच बाई.

"अंबाडा सोड."

"नाई सोडत. आधी फाटकातून जाते त्या गाठी उघडून पाह्य."

मुनिमानं तिथंच कामावरून काढलं.

आत्या मरेपर्यंत सांगत राहिली, ठिणगी उडाली न् भाजलं. केस कुणी सोडायला लावले, ते तिनं कधी काढलं नाही. मीही नाही. हुकूम मुनिमाचा होता, पण शब्द माझ्या तोंडचे होते. आग डोळ्यांना दिसत असताना मी नऊ बायांची झडती घेतली. नऊ.

आता माझे केस पिकायला लागलेत. त्या दिवसापासून कुणाच्या सांगण्यावरून ते सोडले नाहीत. सोडणार नाही. आणि कोणत्याही बाईला, कुणाच्याही हुकमानं, सोड म्हणणार नाही.